कर्ज फिटले की रस्ता मोकळा : जपानच्या टोलमार्गांचे लांबलेले वचन

१/ १९५६ साली जपानच्या पहिल्या दर्जाच्या राष्ट्रीय महामार्गांपैकी सुमारे ७७ टक्के रस्ते कच्चे होते. पाहणीसाठी आलेल्या राल्फ वॉटकिन्स यांच्या अमेरिकी पथकाने सरकारला बजावले, की रस्त्यांची इतकी आबाळ करणारा दुसरा औद्योगिक देश नाही.

२/ तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून त्याच वर्षी ‘निहोन दोरो कोदान’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्याने कर्ज काढावे, रस्ता बांधावा, टोल घ्यावा आणि कर्ज फिटताच रस्ता निःशुल्क करावा, अशी योजना होती. रस्ता मुळात सर्वांचा, टोल हा तात्पुरता अपवाद, ही त्यामागची भूमिका. पुढचा सारा इतिहास या एका वचनाभोवती फिरतो.

३/ पहिला मार्ग मेइशिन : नागोयाजवळच्या कोमाकीपासून कोबेजवळच्या निशिनोमियापर्यंत, सुमारे १९० किलोमीटर. जागतिक बँकेने दोन हप्त्यांत ८ कोटी डॉलर कर्ज दिले आणि परदेशी सल्लागार घेण्याचा आग्रह धरला. त्यांतले जर्मन अभियंते क्सावेर डॉर्श यांनी सरळ रेषांऐवजी भूभागाच्या उतारचढावाशी जुळणारी, हळूहळू वळत जाणारी वक्ररेषा जपानी अभियंत्यांना शिकवली. (हेच डॉर्श हिटलरच्या राजवटीत टोड्ट संघटनेचे वरिष्ठ अधिकारी होते, ज्ञान कोणत्या हातांतून येईल याचा नेम नसतो.) जुलै १९६३ मध्ये रित्तो ते अमागासाकी हा टप्पा खुला झाला, १९६५ मध्ये पूर्ण मार्ग, आणि १९६९ मध्ये तोमेइ मार्गाने तो टोकियोशी जोडला गेला.

४/ जागतिक बँकेचे अखेरचे कर्ज जपानने जुलै १९९० मध्ये फेडले. टोल मात्र थांबला नाही. याचे कारण १९७२ च्या एका निर्णयात आहे.

५/ तोवर प्रत्येक मार्गाची खातेवही स्वतंत्र होती. मेइशिन-तोमेइवर वाहनांची रीघ असे; तो हिशेब लवकर मिटला असता. पण नंतरचे मार्ग डोंगर पोखरून, महागलेल्या जमिनी घेऊन बांधायचे होते आणि त्यांवर वाहतूक विरळ राहणार होती. स्वतःच्या टोलवर ते कधीच फिटले नसते. म्हणून साऱ्या राष्ट्रीय द्रुतगती मार्गांचे उत्पन्न आणि कर्ज एकाच खात्यात टाकले गेले.

६/ या निर्णयाला अन्याय म्हणता येणार नाही. दूरच्या प्रांतांना रस्ता मिळाला तो त्यामुळेच. परंतु खाते एक झाल्यावर ते बंद होण्याची वेळ कुणाच्याच हातात उरली नाही. जोवर नवा मार्ग जोडला जाई, तोवर जुन्या मार्गाचे कर्जही जिवंत राही. आपल्या मतदारसंघात रस्ता हवा असणाऱ्या लोकप्रतिनिधींना याहून सोयीची वही कोणती? १९६६ च्या आराखड्यात ७,६०० किलोमीटर होते. १९८७ च्या आराखड्यात उच्च दर्जाचे मार्ग १४,००० किलोमीटर झाले.

७/ ऑक्टोबर २००५ मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांच्या सरकारने महामंडळ मोडले. सहा कंपन्यांकडे रस्ते चालवण्याचे काम गेले. रस्त्यांची मालकी आणि सुमारे ४० लाख कोटी येनांचे कर्ज एका वेगळ्या सरकारी संस्थेकडे. कंपन्यांनी टोल घ्यायचा, संस्थेला भाडे द्यायचे, संस्थेने कर्ज फेडायचे. मुदत ४५ वर्षे. म्हणजे २०५० साली सारे मार्ग निःशुल्क.

८/ मग २ डिसेंबर २०१२ उजाडला. चुओ मार्गावरील, १९७७ साली खुल्या झालेल्या सासागो बोगद्यात छताचे काँक्रीटचे पत्रे धावत्या गाड्यांवर कोसळले. ९ जण ठार झाले. पत्रे धरून ठेवणारे बोल्ट निसटले होते. बांधकामाचे कर्ज फेडण्याचा हिशेब चोख मांडला गेला होता. रस्ते म्हातारे होतात, त्यांची मोठी डागडुजी, प्रसंगी पुनर्बांधणी करावी लागते, याची पुरेशी तरतूद त्यात नव्हती.

९/ २०१४ मध्ये टोलची मुदत २०६५ पर्यंत वाढली. २०२३ च्या दुरुस्तीने ती २११५ पर्यंत नेता येईल असे ठरले. मूळ वचन मात्र कुणी रद्द केलेले नाही. १९६३ साली खुला झालेला तो पहिला टप्पाही कर्ज फिटल्यावर निःशुल्क होणार, असेच कायदा आजही सांगतो.