चाळीस यार्ड, तीस इंच

मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू, हा हिशेब आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ, गाडीचं मायलेज. गंमत म्हणजे यातला आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. फक्त तो ज्या परिस्थितीत मोजलेला असतो, ती आपली परिस्थिती नसते. हाच घोळ दीडशे वर्षांपूर्वी एका भलत्याच क्षेत्रात झाला आणि त्याची किंमत ग्राहकांपेक्षा पक्ष्यांनी जास्त मोजली. विषय जरा आडवळणाचा आहे : पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीचा चोक कसा निवडायचा.

आधी एक खुलासा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळपास पूर्ण बंद झाली, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. तेव्हा इथे शिकारीची भलामण नाही. मला रस आहे तो मोजमापात.

तर मुद्द्यावर येऊ. उडत्या पक्ष्याला एका गोळीने टिपणं जवळपास अशक्य. म्हणून छर्ऱ्याची बंदूक. काडतुसात दोन-तीनशे बारीक छर्रे असतात, बार उडाला की ते एकत्र बाहेर पडतात आणि पुढे जाता जाता पसरतात. आपल्याकडे जिला ‘बाराबोर’ म्हणतात तिचा बोअर साधारण १८.५ मिलिमीटर. (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी ती नळी. म्हणून बारा.) ही नळी शेवटच्या काही इंचांत किंचित निमुळती केली, की तो चोक. किंचित म्हणजे किती? सगळ्यात घट्ट, म्हणजे ‘फुल चोक’ घेतला तरी सुमारे एक मिलिमीटर. आपल्या डेबिट कार्डाच्या जाडीपेक्षा जेमतेम जास्त! पण एवढ्याने छर्रे जास्त अंतरापर्यंत एकत्र राहतात.

हा शोध कोणी लावला, यावर भांडणं झाली. इंग्लंडात न्यूकॅसलच्या विल्यम पेपने १८६६ मध्ये पेटंट घेतलं. अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपरने १८६८ मध्ये नळीच्या तोंडावर बसवायच्या चोकचं पेटंट घेतलं. इलिनॉयमधला बदकांचा शिकारी फ्रेड किंबल याचा दावा होता की त्याने स्वतःच, त्याच सुमारास, ही युक्ती शोधली. एकाच वेळी चार जणांना एकच कल्पना सुचते, तसंच हे. पण ती चालती करून बाजारात आणली ती बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने, १८७४ मध्ये.

ग्रीनर कारागीर तर होताच, पण जाहिरातीचंही त्याला चांगलं कळत होतं. ‘द फील्ड’ या साप्ताहिकाने १८६६ मध्ये बंदुकांची चाचणी घेतली होती. चाळीस यार्डांवर (सुमारे ३६.५ मीटर) तीस इंच व्यासाचं वर्तुळ, आणि त्यात किती छर्रे बसतात ते मोजायचं. त्या वेळच्या सगळ्यात चांगल्या बाराबोरची सरासरी १२७ होती. ग्रीनरने हमी दिली २१० ची! काडतुसात छर्रे होते तीनशेच्या आसपास. म्हणजे आधी वर्तुळात पडायचे चाळीस टक्क्यांच्या थोडे वर, आता पडणार सत्तर टक्के. लोकांचा विश्वास बसेना. ‘द फील्ड’चे संपादक जे. एच. वॉल्श यांनी जातीने खात्री करून घेतली आणि मग १८७५ मध्ये लंडनला मोठी चाचणी भरवली. ग्रीनरच्या बंदुका जिंकल्या. वाद मिटला.

(जाता जाता : विम्बल्डनचा ऑल इंग्लंड क्लब स्थापन करणाऱ्या मंडळींत हे वॉल्शही होते आणि १८७७ च्या पहिल्या टेनिस स्पर्धेचा करंडक ‘द फील्ड’नेच दिला होता. खेळाचे नियम आणि मोजमापं ठरवणं हा त्या काळच्या इंग्रजांचा आवडता उद्योग असावा.)

वाद मिटला खरा, पण एक गोष्ट मागे राहिली. ते वर्तुळ. चाळीस यार्ड, तीस इंच. ही चाचणीच्या सोयीची पट्टी होती, पण तीच पुढे व्याख्या होऊन बसली. आजही चोकची नावं तिच्यावरच ठरतात. वर्तुळात साधारण ४० टक्के छर्रे बसले तर सिलिंडर, म्हणजे चोक नाहीच. ५० टक्के म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, ६० म्हणजे मॉडिफाइड, ७० म्हणजे फुल. आता मला सांगा, दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ‘सत्तर टक्के’ आणि ‘पन्नास टक्के’ यांतून निवडायला सांगितलं तर तो काय घेईल? त्यात एकाचं नाव ‘फुल’. उरलेले जणू अर्धवट!

पण पक्षी काही चाळीस यार्डांवर थांबून राहत नाही. झुडपातून फडफडत उठणारा तितर किंवा लावा बहुतेक वेळा वीस-पंचवीस यार्डांत असतो. मेजर जेरल्ड बरार्ड यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘द मॉडर्न शॉटगन’ हा ग्रंथ लिहिला. त्या काळच्या काडतुसांनी वीस यार्डांवर छर्ऱ्यांचा मुख्य घोळका किती रुंद होतो, तर साध्या सिलिंडरचा ३२ इंच आणि फुल चोकचा १६ इंच. व्यास निम्मा म्हणजे क्षेत्रफळ पाव. चुकीला मिळणारी जागा चौपटीने कमी! सामान्य नेमबाजाचा बार हमखास हुकणार. आणि लागलाच तर पक्ष्याच्या अशा चिंधड्या होणार की ताटात वाढण्यासारखं काही उरणार नाही.

बरं, हे तरी ठीक. खरं नुकसान दुसऱ्या टोकाला होतं. हातात ‘फुल’ आहे म्हटल्यावर माणूस लांबचा बार घेऊ लागतो. पन्नास यार्ड, साठ यार्ड. पण चोक छर्ऱ्यांना ताकद देत नाही, फक्त एकत्र ठेवतो. तेवढ्या अंतरावर घोळका विरळ झालेला असतो आणि छर्ऱ्यांचा वेग मंदावलेला असतो. बदकाला एखाद-दुसरा छर्रा लागतो, ते हलतं, सावरतं आणि उडून जातं. शिकाऱ्याच्या लेखी तो ‘हुकलेला बार’. बदक मात्र लांब कुठेतरी लव्हाळ्यात उतरून दोन-चार दिवसांनी मरतं. चाचणीच्या कागदावर या बदकासाठी रकानाच नव्हता.

जुन्या दुनळी बंदुकीकडे यावर एक शहाणं उत्तर होतं. दोन नळ्या, दोन घोडे, आणि दोन्हींचे चोक वेगळे. उजवी नळी सैल, डावी घट्ट. पक्षी आपल्यापासून दूर उडत असतो, म्हणून पहिला बार जवळचा तो सैल नळीने, दुसरा लांबचा तो घट्ट नळीने. हाकारे घालून पक्षी अंगावर आणले असतील तर क्रम उलटा. निर्णय शेवटच्या क्षणी, बोटाने. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाइंडिंग जितकं उशिरा, तितकी लवचीकता जास्त.

मग अमेरिकेत एकनळी पंप बंदुका आल्या. स्वस्त, दणकट, एकापाठोपाठ एक बार काढणाऱ्या. पण नळी एक म्हणजे चोक एक आणि तो खरेदीच्या दिवशीच ठरवायचा. कित्येक दशकं असंख्य लोकांनी ‘फुल’ घेतला आणि वीस यार्डांवरच्या पक्ष्यांवर चालवला. उपाय निघाले. पाण्याच्या पाइपचं नोझल फिरवतात तसा फिरवून कमीजास्त करायचा पॉली-चोक आला. १९७० च्या आगेमागे आट्याने बसवायच्या, बदलता येणाऱ्या नळकांड्या रुजू लागल्या. म्हणजे रोपरच्या १८६८ च्या कल्पनेला बाजारात बस्तान बसवायला शंभर वर्षं लागली!

पण तोवर कोड्याची दुसरी बाजूही हलली होती. १९६० च्या दशकात काडतुसात प्लॅस्टिकचा पेला आला. त्याआधी शिशाचे मऊ छर्रे नळीला घासत जायचे, चेपायचे आणि बाहेर पडल्यावर भरकटायचे. पेल्यात बसल्यामुळे ते गोल राहू लागले आणि त्याच चोकमधून जास्त एकत्र जाऊ लागले. नळीवर कोरलेलं नाव तेच, वागणं वेगळं. फंक्शनचं नाव न बदलता आतला कोड बदलावा, तसं.

त्याहून मोठा धक्का शिशाने दिला. बदकं अन्न दळायला वाळूचे खडे गिळतात, ते पेषणीत राहतात. पाणथळ जागेच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेले छर्रेही ती खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. इलिनॉयच्या फ्रँक बेलरोझ यांनी १९५९ मध्ये अंदाज मांडला की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन-तीन टक्के दरवर्षी असेच मरत असावेत. म्हणजे नेम चुकलेला छर्रासुद्धा मारतच होता, फक्त उशिरा. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर अमेरिकेत टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९१ मध्ये ती देशभर लागू झाली. युरोपियन युनियनने पाणथळ जागांमध्ये ती २०२३ पासून लागू केली.

शिशाऐवजी आलं पोलाद. ते कठीण, त्यामुळे चेपत नाही आणि घोळका आपोआपच घट्ट राहतो. पण ते शिशापेक्षा बरंच हलकं (घनता ११.३ विरुद्ध ७.८), म्हणून वेग लवकर गमावतं आणि छर्रा मोठा घ्यावा लागतो. पोलादासाठी मॉडिफाइड चोकच साधारण शिशाच्या फुलएवढं काम करतो. उलट जुन्या, पातळ नळीच्या फुल चोकमधून पोलाद मारलं तर नळीचं तोंड फुगायचा धोका. आजोबांच्या बंदुकीचा सगळ्यात अभिमानाचा गुण नातवाच्या हातात दोष ठरला.

मग चोक निवडायचा तरी कसा? जिथे अंतर ठरलेलं असतं तिथे प्रश्न सोपा आहे. मातीच्या तबकड्यांवर नेम धरायच्या खेळात बघा. स्कीटमध्ये तबकडी वीस-एक यार्डांवरून आडवी जाते, तिथे सैल चोक. ट्रॅपमध्ये ती नेमबाजापासून दूर पळते, तिथे घट्ट. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक जिंकलं ते डबल ट्रॅपचं. तिथे तबकडीचा मार्ग आणि वेग नियमाने बांधलेला असतो. पक्ष्याला नियमावली नसते.

जाणकार शिकारी जे सांगतात ते फार साधं आहे. नळीवरचं नाव विसरा. मोठा कागद ताणून लावा, तुमचं नेहमीचं काडतूस घ्या, तुम्हाला पक्षी खरोखर ज्या अंतरावर मिळतो तेवढ्या अंतरावरून बार काढा आणि भोकं मोजा. एकदा नाही, दहा वेळा, कारण प्रत्येक बार वेगळा पडतो. घोळक्यात पक्ष्याएवढं भोक राहत असेल तर चोक बदला किंवा जवळ जा. आणि जवळ जाता येत नसेल तर बार काढू नका.

मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चोक निवडणं म्हणजे बंदूक किती लांब मारते हे ठरवणं नव्हे, आपण किती अंतरापलीकडे घोडा ओढणार नाही हे ठरवणं. १८७५ च्या चाचणीत याचा आकडा निघाला नाही, निघणारही नव्हता. वॉल्श आणि ग्रीनर यांनी मोजलं ते प्रामाणिकपणे मोजलं. चूक नंतरच्यांची, ज्यांनी तीस इंचांच्या वर्तुळात किती भोकं पडली ते पाहिलं आणि पक्षी कुठे होता ते विचारलं नाही.