अर्ध्यावर थांबलेला तक्ता

युक्रेनमधील 'पेर्शा लिहा' या नावाचा शब्दशः अर्थ 'पहिली लीग'. प्रत्यक्षात ती फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीची स्पर्धा आहे. ही विसंगती सोव्हिएत काळाची देणगी. वर 'उच्च' लीग होती म्हणून खालची 'पहिली' ठरली. 2008 मध्ये वरच्या लीगला 'प्रीमियर' हे नाव मिळाले, खालची मात्र होती तशीच राहिली. डायनामो कीव्ह आणि शाख्तार दोनेत्स्क यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मराठी वाचकाला समजेल अशा भाषेत सांगायचे तर ती बखर झाली. पेर्शा लिहाचा गुणतक्ता हे दप्तर आहे: रूक्ष, कारकुनी आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय.

या दप्तराचे पहिले पान 1992 चे. डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि काही महिन्यांतच नव्या देशाला स्वतःची स्पर्धा उभी करावी लागली. सोव्हिएत हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपत असे. युक्रेनला तो युरोपप्रमाणे शरदात सुरू करायचा होता. मधल्या रिकाम्या महिन्यांत एक आखूड हंगाम बसवण्यात आला. पेर्शा लिहात 28 संघ, चौदा-चौदांचे दोन गट. रिव्ने शहराचा वेरेस आणि क्रिव्ही रिहचा क्रिव्हबास यांनी आपापला गट जिंकून वरची पायरी गाठली. क्रिव्हबास हे नाव त्या भागातील लोहखनिजाच्या खोऱ्याच्या नावाचा संक्षेप आहे. खाणीचे नाव मिरवणारा संघ दुसऱ्या पायरीवरच शोभतो, असे कोणा शिष्टाला वाटलेही असेल! असो. राष्ट्र जन्मले म्हणून हंगाम अर्धा झाला, एवढे ध्यानात ठेवावे.

तीस वर्षांनी हंगाम पुन्हा अर्धाच राहिला. 2021-22 च्या पेर्शा लिहात सोळा संघ होते. हिवाळ्याच्या सुट्टीसाठी खेळ थांबला तेव्हा खार्किव्हचा मेटालिस्ट पहिला आणि क्रिव्हबास दुसरा होता. दोघेही दिवाळखोरीनंतर नव्याने उभे राहिलेले संघ. जुना क्रिव्हबास 2013 मध्ये, तर जुना मेटालिस्ट 2016 मध्ये बुडाला होता. वसंतात उरलेले सामने व्हायचे होते. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने आक्रमण केले आणि तक्ता होता तिथेच गोठला.

पुढे जे घडले त्यात या हंगामाचे खरे मर्म आहे. मेटालिस्ट आणि क्रिव्हबास या दोघांना प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली. पण वर जागा रिकाम्या कशा झाल्या? मारिउपोल आणि चेर्निहिव्हचा देस्ना हे दोन संघ पुढच्या हंगामात उतरू शकले नाहीत. मारिउपोल शहर वेढ्यात उद्ध्वस्त होऊन रशियाच्या ताब्यात गेले होते. देस्नाचे मैदान मार्च 2022 मध्ये बॉम्बहल्ल्यात सापडले. दोन शहरे कोसळली म्हणून दोन शहरे वर चढली. तक्त्यात याची नोंद फक्त 'बढती' एवढीच आहे. नियमाने ते योग्यच. तरीही या शब्दाला येथे जो अर्थ येतो तो कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही.

त्याच सोळांत दोनेत्स्कचा ऑलिम्पिक होता. 2013-14 मध्ये त्याने ही लीग जिंकली, पण त्याच वसंतात दोनबासमध्ये युद्ध पेटले, आणि वरच्या लीगमधील पदार्पण त्याला आपल्या शहराबाहेर करावे लागले. म्हणजे 2022 मध्ये इतरांवर जे ओढवले ते तो आठ वर्षे आधीपासून भोगत होता. दोनेत्स्क प्रांतातीलच क्रामातोर्स्क आणि सुमी प्रांतातील लिपोव्हा दोलिनाचा आलियान्स यांचीही तीच गत. 2022-23 च्या पेर्शा लिहात या तिघांपैकी एकाचेही नाव नाही. मैदानावर हरून खाली गेलेल्या संघाची नोंद निदान खालच्या तक्त्यात तरी मिळते. हे मधल्यामध्ये गळून गेले.

बढती मिळालेल्यांचेही सुख बेताचेच. ऑगस्ट 2022 मध्ये प्रेक्षकांविना स्पर्धा सुरू झाली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खेळाडूंनी आश्रयस्थानात जायचे, असा दंडक होता. ल्विव्हमध्ये रुख आणि मेटालिस्ट यांचा सामना भोंग्यांमुळे इतक्यांदा थांबला की तो संपायला जवळजवळ साडेचार तास लागले. रशियाच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या खार्किव्हमध्ये सामने घेणे अशक्य होते. मेटालिस्टचे 'घरचे' सामनेही परगावीच झाले.

क्रिव्हबासची कथा निराळी. त्याला त्या उन्हाळ्यात युरी वेर्निदुब हे प्रशिक्षक लाभले. सप्टेंबर 2021 मध्ये याच गृहस्थांच्या शेरीफ तिरास्पोलने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर 2-1 असे हरवले होते. आक्रमणाची बातमी आली तेव्हा ते आपल्या संघासह पोर्तुगालमध्ये होते. तेथून ते परतले आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी सैन्यात दाखल झाले. गणवेश उतरवून आलेल्या या प्रशिक्षकाच्या हाताखाली क्रिव्हबासने 2023-24 मध्ये प्रीमियर लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला आणि युरोपीय स्पर्धेची पात्रता फेरी गाठली.

मेटालिस्ट मात्र एका हंगामातच घसरला. 2023 मध्ये तो पेर्शा लिहात परतला तेव्हा क्रामातोर्स्कची जागा अजून रिकामीच होती.