हुगळीकाठचा ताग
हुगळीच्या काठी रिश्रा येथे १८५५ साली तागाची पहिली गिरणी निघाली. कच्चा माल पूर्व बंगालचा. १९४७ च्या फाळणीने गिरण्या इकडे राहिल्या, उत्तम तागाची शेते बहुतांशी पलीकडे गेली. पुढे पलीकडेही गिरण्या उभ्या राहिल्या. साफ्ता करार २००६ साली अमलात आला, तेथील तागमाल बिनजकाती येऊ लागला आणि कलकत्त्याच्या गिरणीमालकांनी संरक्षण मागितले.

परंतु शेजाऱ्यास कबूल केलेली सूट मनास येईल तेव्हा मागे घेता येत नाही. माल रास्त किमतीहून स्वस्त विकला गेला, देशी धंद्यास इजा झाली आणि ती त्यामुळेच झाली, हे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार चौकशीत सिद्ध व्हावे लागते. जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेश व नेपाळच्या मालावर कर बसला, तोही पाच वर्षांचा. २०२२ साली फेरतपासणीनंतर तो पुढे चालू राहिला. मिळालेल्या या अवधीत गिरण्यांतील जुनी यंत्रे किती बदलली, हे मात्र कोणताही नियम विचारीत नाही.