पाट्यांमधली उतरंड

‘शोले’च्या सुरुवातीला दोन घोडेस्वार स्टेशनवरून रामगढकडे निघतात, आर. डी. बर्मनचं संगीत वाजत राहतं आणि पाट्या पडू लागतात. धर्मेंद्र, संजीव कुमार, हेमा मालिनी आणि चौथ्या क्रमांकावर अमिताभ बच्चन. आज गंमत वाटते, पण १९७५ साली हा क्रम बाजाराच्या हिशोबात चोख बसणारा होता. पाट्यांची यादी म्हणजे त्या काळच्या वजनाचा ताळेबंदच.

या यादीचं स्वतःचं व्याकरण असतं. पहिला मान सगळ्यांना कळतो, पण शेवटचाही मानच असतो. प्राण यांचं नाव इतक्या चित्रपटांत ‘अँड प्राण’ असं शेवटी आलं की त्यांच्या चरित्राचं शीर्षकही तेच झालं. हॉलिवूडमध्ये ‘द टॉवरिंग इन्फर्नो’च्या (१९७४) वेळी स्टीव्ह मक्वीन आणि पॉल न्यूमन, दोघांनाही पहिलं स्थान हवं होतं. तोडगा निघाला तो असा: मक्वीनचं नाव डावीकडे पण खाली, न्यूमनचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला मक्वीन पहिला, वरून वाचणाऱ्याला न्यूमन.

हे झालं यादीत असलेल्यांचं भांडण. खरी लढाई यादीबाहेरच्यांची होती. १९४९च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ गाजलं, पण तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं. आवाज लता मंगेशकरांचा आणि श्रेय एका काल्पनिक बाईला! ‘जंजीर’च्या (१९७३) वेळी पोस्टरवर आपलं नाव नाही म्हटल्यावर सलीम-जावेद यांनी मुंबईभर लागलेल्या पोस्टरांवर ते स्टेन्सिलने रंगवून घेतलं. पुढे पोस्टरवर लेखकाचं नावही प्रेक्षक शोधू लागले.

अमेरिकेत हाच प्रश्न संघटनांनी नियमात बांधला. सुरुवातीच्या पाट्यांत दिग्दर्शकाचं नाव सगळ्यात शेवटी, चित्रपटाला अगदी लागून येतं. पाट्या शेवटी असतील तर तेच नाव सगळ्यात आधी. जॉर्ज लुकासने ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) सगळी नावं शेवटी ढकलली, तेव्हा ते खपून गेलं. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) मात्र अर्विन कर्शनरने दिग्दर्शित केला होता. सुरुवातीला ‘लुकासफिल्म’ झळकतं आणि दिग्दर्शकाचं नाव शेवटी, यावर संघटनेने दंड ठोकला. लुकासने तो भरला आणि सदस्यत्व सोडलं.

आज बहुतेक नावं शेवटीच असतात. यादी लांबली, स्पॉटबॉयपासून व्हीएफएक्सवाल्यांपर्यंत सगळे आत आले. पण तोवर थिएटरात दिवे लागलेले असतात, आणि घरी पाट्या कोपऱ्यात आक्रसून पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. ती सोय माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी लिहिली आहे, आणि त्याचं नाव कुठेच नाही. आमच्याकडे कोडच्या ओळीओळीला कर्त्याची नोंद असते, पण ती ऑफिसच्या आत. वापरणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

म्हणून मी पाट्या शेवटपर्यंत बघतो. नाव छापलं जाणं ही अर्धीच लढाई आहे. ते कुणीतरी वाचावं लागतं.