शिंगराची आयाळ

'किशोर' म्हटलं की मिसरूड फुटू लागलेला, हाक मारली तर तिसऱ्या हाकेला 'काय?' म्हणणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. संस्कृतात मात्र हा शब्द मुळात घोड्याच्या पिलाचा, म्हणजे शिंगराचा. अमरकोशात तो घोड्यांच्याच ओळीत बसलाय. माणसाच्या पोराला तो पहिल्यांदा ज्यानं लावला, त्याच्या घरात त्या वयाचं कुणीतरी नक्की असणार.

अशा शिंगराचं बिनसलं, झोप उडाली, शाळा नकोशी झाली, की आईबाप दवाखान्याच्या पाटीपाशी अडखळतात. 'मनोविकारतज्ज्ञ' यात विकारच आधी डोळ्यांत भरतो. 'मानसोपचार' त्यापेक्षा बरा, पण शेजारी सांगवत नाही. मग 'जरा समुपदेशन चालू आहे' असं म्हटलं जातं. या सोज्वळ शब्दाच्या पोटात चक्क उपदेश बसलाय! घरीदारी, शाळेत पोराला तोच तर मिळत असतो. इथं कुणीतरी ऐकून घ्यावं म्हणून यायचं. मला हा शब्द कधी पटला नाही.

जुन्या शब्दांची तऱ्हा वेगळी. 'पिसं' आलं पिशाचावरून. झपाटणं, बाधा, लागीर हे त्याचेच सगेसोयरे. आयुर्वेदात मुलांना पछाडणारे बालग्रह आहेत; 'ग्रह' म्हणजे धरणारा. सुश्रुतसंहितेत असे नऊ सांगितलेत आणि त्यांत पूतनाही आहे. सगळीकडे बाहेरचं कुणीतरी येऊन पोराला धरतं. यातून अंगारेधुपारे आले, पोरांचे हालही झाले. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी, की त्या शब्दांत दोष पोराच्या माथी नव्हता. आजचे 'आळशी', 'नाटकी', 'हट्टी' एवढीही सवलत देत नाहीत.

'उपचार' म्हणजे उप अधिक चर्: जवळ जाणं, सेवेत असणं. पूजेतले षोडशोपचार ते हेच. देवाला आधी आसन द्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं; मागणं नंतर. (त्यातला जिव्हाळा आटला की उरतं ते 'औपचारिक'.)

'सायकिअ‍ॅट्री' हा शब्द १८०८ मध्ये हाले इथल्या योहान क्रिस्टियान राइल या जर्मन वैद्यानं घडवला. ग्रीकमधले 'मन' आणि 'वैद्य' त्यानं जोडले. त्यातला वैद्य मला जरा लांब, टेबलापलीकडे बसलेला वाटतो. 'थेरपी'चं कूळ मात्र उपचाराच्या जवळचं. ग्रीक 'थेरापेइया' म्हणजे सेवा, आणि 'थेरापोन' म्हणजे सेवकही, सोबतीही. होमरच्या 'इलियड'मध्ये पात्रोक्लस हा अकिलीसचा थेरापोन. तो रणात पडतो तेव्हा अकिलीसचे घोडे माना टाकून रडत उभे राहतात, जागचे हलत नाहीत. पुढे अकिलीसच त्यामागचं कारण सांगतो: हा त्यांच्या आयाळी स्वच्छ पाण्यानं धुऊन त्यांना तेल लावायचा.