श की स?

नागपुरातल्या एका कार्यालयात संगणकांची देखभाल माझ्याकडे होती. २००६ सालची गोष्ट. आमच्या पारशिवनीचे एक वृद्ध शेतकरी तिसऱ्यांदा आले होते. आधी दोनदा त्यांना 'यादीत नाव नाही' असे सांगून परत पाठवले होते. "नाव गेलं कुठी, भाऊ?" त्यांनी मला विचारले.

गावाचे नाव टाकून मीही शोधले. नोंद सापडेना. मग लक्षात आले, की कुणी पारशिवनी लिहितो, कुणी पारसिवनी. इंग्रजी कागदांवरचे स्पेलिंग तर 'पार्सेओनी' वाचले जाईल असे. मी 'ग्रेप' ही कमांड दिली: त्या जागी श असो वा स, दोन्ही चालेल. काका लगेच सापडले.

या कमांडचा जन्मही अशाच एका शोधातून झाला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली घडवली. त्यांचे सहकारी ली मॅकमॅहॉन 'फेडरलिस्ट पेपर्स' तपासत होते. १७८७-८८ मध्ये एकाच टोपणनावाने छापलेले हे ८५ लेख. कोणता कुणाचा, हे शब्दांवरून ताडायचे होते. पण एवढा मजकूर 'ईडी' नावाच्या एडिटरच्या मेमरीत मावेना. ब्रायन कर्निघन सांगतात, की थॉम्पसन यांनी एका रात्रीत त्या एडिटरमधला शोधाचा भाग सुटा करून दिला. पाखडताना सूपभरच धान्य घेतो ना, तसे! एकेक ओळ वाचायची, जुळली तर छापायची, नाही तर सोडायची. १९७३ च्या युनिक्स पुस्तिकेत ग्रेप आहे. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून आलेला 'पाइप'ही त्याच वर्षीचा: एका कमांडचे उत्तर थेट दुसरीच्या हाती.

मराठीला हे सुख उशिरा मिळाले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरले, त्याच्या १९८८ च्या आराखड्यावरून युनिकोडची देवनागरी बेतली गेली. तरी कार्यालयांतल्या कितीतरी फायली जुन्या फॉन्टमध्येच राहिल्या. पडद्यावर मराठी, पोटात रोमन अक्षरे! तिथे ग्रेप बिचारी काय करणार?

आमची यादी सुदैवाने युनिकोडमध्ये होती. डिस्क किती भरली, कुणाचा पासवर्ड चुकला, हे रोज रात्री तपासणारी एक शेल स्क्रिप्ट माझ्याकडे होतीच. तिच्यात मी तालुक्यातल्या गावांच्या नावांची निरनिराळी रूपे घातली आणि 'नाव नाही' म्हणून परत गेलेले अर्ज पुन्हा ताडायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापून आलेली यादी एका पानात मावली नव्हती.