'आव' ते 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' : एका निदानाचा इतिहास

प्रस्तावना : शौचावाटे रक्त व चिकट आव पडू लागली, की तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) येथे काय किंवा मराठवाड्यातील अन्य गावांत काय, त्यास 'आव' वा 'मूळव्याध' म्हटले जाते. आयुर्वेदातही 'रक्तातिसार' व 'प्रवाहिका' या संज्ञा आहेत. ही नावे प्रामुख्याने लक्षणांची होत. या लक्षणांमागील एक स्वतंत्र रोग वैद्यकाने कसा ओळखला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आमांशापासून फारकत : लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये मोठ्या आतड्याच्या अशा व्रणांचे वर्णन केले. पुढे १८७५ मध्ये लॉश यांना अमिबा व १८९७ मध्ये शिगा यांना आमांशाचा जिवाणू आढळला. आमांशाची कारणे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्यावर, ज्यांच्यात ती आढळत नाहीत असे रुग्ण वेगळे दिसू लागले. १९०९ च्या लंडनमधील वैद्यक परिषदेत अशा तीनशेहून अधिक रुग्णांची चर्चा झाली.

भारतात मात्र अमिबाजन्य आमांश सर्वत्र होता. लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात त्यावर एमेटिनचे इंजेक्शन प्रचारात आणले. परिचित रोगाच्या सावलीत अपरिचित रोग झाकला गेला व तो पाश्चात्त्यांचाच मानला गेला. हा समज किती अपुरा होता, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील पाहणीने दाखविले. ५१,९१० व्यक्तींमध्ये २३ रुग्ण, म्हणजे लाखामागे सुमारे ४४, आढळले.

उपचारांची वाटचाल : स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी सल्फासॅलाझिनचे निष्कर्ष १९४२ मध्ये मांडले. १९५५ मध्ये ट्रुलव्ह व विट्स यांनी २१० रुग्णांवरील चाचणीत कॉर्टिसोनची उपयुक्तता सिद्ध केली : कॉर्टिसोन घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्णांची लक्षणे शमली. सल्फासॅलाझिनचा गुणकारी घटक १९७७ मध्ये आझाद खान व ट्रुलव्ह यांनी निश्चित केला.

निदानाचे महत्त्व : येथे चूक दोन्ही बाजूंनी घातक ठरते. कोलायटिसला आमांश समजून तीच ती औषधे दिल्यास दाह पसरतो व मोलाचा काळ वाया जातो. उलट, अमिबाचा आमांश न ओळखता स्टिरॉइड दिल्यास आतडे फुटू शकते. म्हणून शौचाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी, दुर्बिणीने आतड्याची पाहणी व बायोप्सी हा क्रम आवश्यक आहे. दीर्घकालीन, विस्तृत रोगात कर्करोगाचा धोका वाढत असल्याने लवकर निदानाचे मोल अधिकच आहे.

समारोप : या रोगाचा इतिहास हा मुख्यतः फरक ओळखण्याचा इतिहास आहे. उपचार १९४२ पासूनच आकारास येऊ लागले. परंतु रोगाचे नाव चुकले तर ते रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून रक्तमिश्रित जुलाब काही आठवडे टिकले, वा औषधे पूर्ण करूनही पुन्हा उद्भवले, तर 'आव' या नावावर न थांबता तपासणी करून घेणे, हाच या इतिहासाचा ग्रामीण मराठवाड्यास बोध होय.